दाणा, साखळी आणि कस : पुनर्वापरक्षम प्लॅस्टिकच्या संशोधनातील पुणे–बंगळुरू संबंध

तंत्रज्ञानाच्या प्रसाराचा इतिहास भारतात बहुधा एकाच साच्यात सांगितला जातो. ज्ञान पश्चिमेत निर्माण होते, एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या हातून ते येथील एखाद्या नगरात येते आणि ते नगर त्या ज्ञानाचे ग्राहक बनते. साहित्याच्या तौलनिक अभ्यासाने प्रभाव आणि स्वीकार यांविषयीची ही एकदिश कल्पना केव्हाच मागे टाकली आहे. कादंबरी इंग्रजीतून मराठीत ‘आली’, एवढे म्हणून आज कोणी अभ्यासक थांबत नाही. रसायन-उद्योगाच्या इतिहासलेखनात मात्र ती कल्पना अद्याप टिकून आहे. बंगळुरूमधील प्लॅस्टिक-संशोधनाची हकीकत तिच्याच आधारे मांडली जाते. २००० साली जनरल इलेक्ट्रिक ही अमेरिकन कंपनी (जीई) तेथे आली. २००७ साली तिचा प्लॅस्टिक-व्यवसाय सौदी अरेबियाच्या साबिक कंपनीने विकत घेतला. २०१३ साली साबिकने सर्जापूरच्या परिसरात स्वतःचे तंत्रज्ञान-केंद्र उघडले. आणि टाकाऊ प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणणे हा पुढे या कंपनीच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय झाला. या हकीकतीतील तपशील खरे आहेत. पण तिची सुरुवात उशिरा होते आणि तिच्यातून एक संपूर्ण बाजू गळून जाते. या दोन्ही उणिवांचा संबंध पुण्याशी आहे.

प्रथम पदार्थाविषयी. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक १९५३ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले. जर्मनीत बायर कंपनीतील हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जीईतील डॅनियल फॉक्स हे एकमेकांच्या कामाविषयी अनभिज्ञ असताना एकाच पदार्थापाशी पोहोचले. पेटंटाचा अग्रहक्क बायरकडे गेला. पुढे बायरचे ‘मॅक्रोलॉन’ आणि जीईचे ‘लेक्सन’ अशा दोन व्यापारी नावांनी एकच पदार्थ जगभर विकला गेला. काचेसारखा पारदर्शक, पण सहसा न फुटणारा हा पदार्थ शिरस्त्राणांच्या दर्शनी काचांपासून ध्वनिमुद्रित तबकड्यांपर्यंत सर्वत्र पसरला. १९६० साली जीईच्या मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथील प्लॅस्टिक विभागात जॅक वेल्च नावाचा एक तरुण रसायन-अभियंता रुजू झाला. १९८१ साली तोच संपूर्ण कंपनीचा प्रमुख झाला. जीईच्या विविध उद्योगांमध्ये प्लॅस्टिकविषयी त्याला असलेली आस्था केवळ हिशेबी नव्हती, हे पुढील घटनाक्रम समजण्यासाठी ध्यानात ठेवावे लागते.

पॉलिमर या संज्ञेसाठी मराठी विश्वकोशाने ‘बहुवारिक’ हा शब्द योजला, तर हिंदी परिभाषेत ‘बहुलक’ रूढ झाला. मूळ ग्रीक शब्दाप्रमाणे या दोहोंतही अनेकत्वाचा निर्देश आहे. साखळीचा मात्र नाही. प्लॅस्टिकचे सारे गुण तर साखळीच्या लांबीवर अवलंबून असतात. लहान रेणू एकामागून एक जोडले जाऊन साखळी लांब झाली की पदार्थ चिवट होतो, आणि साखळी तुटून आखूड झाली की तो ठिसूळ होतो. ही साखळी वाढविण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पदार्थ वितळवून, ढवळत ठेवून अभिक्रिया पुढे नेणे. परंतु साखळी जसजशी लांबते तसतसा तो द्रव इतका घट्ट होतो की ढवळणे कठीण होते, आणि जास्त तापमानात पदार्थ पिवळाही पडू लागतो. यावर दुसरा उपाय आहे. आखूड साखळ्यांचा पदार्थ थंड करून त्याचे दाणे करावेत आणि ते दाणे वितळणांकाच्या खाली, पण बऱ्याच वरच्या तापमानात, निर्वातात किंवा निष्क्रिय वायूच्या झोतात दीर्घकाळ तापवीत ठेवावेत. दाणा वितळत नाही, त्याचा आकार बदलत नाही. मात्र त्याच्या आत साखळ्यांची टोके एकमेकांना जोडली जात राहतात आणि बाहेर पडणारे लहान रेणू वायूबरोबर निघून जातात. भाजताना दाणे जसे मोकळे राहावे लागतात तसेच येथेही असते. ते एकमेकांना चिकटले की सारे फसते. या पद्धतीस घन अवस्थेतील बहुवारिकीकरण म्हणतात.

पॉलिकार्बोनेटच्या बाबतीत ही पद्धत आकर्षक होती, तशीच अवघडही. रूढ प्रक्रियेत फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू लागतो. १९८४च्या भोपाळ दुर्घटनेत बाहेर पडलेले मिथिल आयसोसायनेट ज्या द्रव्यांपासून तयार केले जात असे त्यांत फॉस्जीन होता. त्यामुळे त्या वर्षानंतर फॉस्जीनचा वापर करणारी कोणतीही प्रक्रिया भारतात निव्वळ तांत्रिक बाब राहिली नाही. डायफिनाइल कार्बोनेटपासून आरंभ केल्यास बहुवारिक बनविण्याच्या टप्प्यावर तरी फॉस्जीन टाळता येतो. पण पॉलिकार्बोनेटचे स्फटिकीभवन फार मंद गतीने होते, आणि स्फटिक न झालेला दाणा तापविला की मऊ पडून चिकटतो. दाण्याला आधी स्फटिकरूप कसे द्यावे आणि नंतर साखळी वेगाने कशी वाढवावी, हा प्रश्न होता.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या प्रश्नावर काम झाले. जानेवारी १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या संस्थेने आरंभीची चार दशके मुख्यतः आयातीला पर्याय शोधण्याचे काम केले; परदेशात जे बनते ते येथे कसे बनवावे, अशी तिच्यापुढील प्रश्नांची मांडणी असे. १९८९ साली गोव्यातील माशेल या गावी जन्मलेले रघुनाथ माशेलकर संचालक झाले आणि त्यांनी ही मांडणी उलटविण्याचा आग्रह धरला. संस्थेचे संशोधन परदेशी कंपन्यांनी विकत घ्यावे एवढ्या योग्यतेचे असावे, आणि त्यासाठी शोधनिबंधाआधी पेटंट घ्यावे, हे त्यांचे धोरण होते. बहुवारिकांच्या विभागाची धुरा एस. शिवराम यांच्याकडे होती. ते बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनमधून प्रयोगशाळेत आले होते. पुढे २००२ ते २०१० या काळात ते तिचे संचालकही झाले. घन अवस्थेतील पॉलिकार्बोनेटच्या बहुवारिकीकरणावर प्रयोगशाळेला अमेरिकन पेटंटे मिळाली. ज्या क्षेत्रात जीई जगात अग्रेसर होती त्याच क्षेत्रात पुण्याचे नाव त्या कंपनीच्या तज्ज्ञांना पेटंट-सूचीत दिसले आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही संस्थांमध्ये संशोधन-सहकार्याचा करार झाला.

यात एक विसंगती आहे. १९७०च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या पदार्थावर पेटंट मिळत नसे. ते केवळ प्रक्रियेवर मिळे. ही स्थिती २००५ पर्यंत पूर्णपणे बदलली नाही. म्हणजे पुण्यातील संशोधन ज्या दस्तऐवजामुळे जगाला दिसले तो दस्तऐवज वॉशिंग्टनमध्ये नोंदलेला होता. लेखकाला स्वभाषेत मान्यता मिळण्याआधी भाषांतरातून मिळावी, तसा हा प्रकार.

जीईने भारतात संशोधन-केंद्र का काढले, याविषयी माशेलकरांनी आपल्या व्याख्यानांतून वारंवार सांगितलेली एक आठवण आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेचे काम पाहून जीईच्या वरिष्ठ वर्तुळात असा प्रश्न निघाला की, हे लोक इतके चांगले असतील तर आपण तेथे का नाही? सप्टेंबर २००० मध्ये बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात जॉन एफ. वेल्च टेक्नॉलॉजी सेंटर उघडले त्याचे मूळ या प्रश्नात आहे, असे त्या आठवणीचे सूचन आहे. उत्पत्तिकथेचे सारे गुण तिच्यात आहेत: एक वाक्य, एक प्रभावी व्यक्ती आणि एक दूरगामी परिणाम. इतिहासकाराने ती टाकून देण्याचे कारण नाही. पण ती एकटीही पुरेशी नाही. ती संपूर्ण कारण असती तर केंद्र पुण्यात निघाले असते. बंगळुरूमध्ये १९८५ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स होती, १९९० पासून जीईचाच विप्रोबरोबरचा वैद्यकीय उपकरणांचा संयुक्त उद्योग होता, १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था होती, आणि अमेरिकेच्या तुलनेत अल्प वेतनावर काम करणारे अभियंते होते. वेतनातील हा फरक कंपन्यांच्या गौरवग्रंथांत क्वचितच आढळतो, पण हिशेबवहीत तो पहिल्या पानावर असतो. पुण्याने जीईला भारतीय रसायनज्ञांच्या क्षमतेचा पुरावा दिला आणि बंगळुरूने जागा दिली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. २००० नंतर जीईच्या प्लॅस्टिकविषयक पेटंटांतील शोधकांच्या नावांपुढे बंगळुरूचा पत्ता नियमितपणे दिसू लागतो.

२००७ साली जीईने आपला प्लॅस्टिक-व्यवसाय साबिकला ११.६ अब्ज डॉलरांना विकला. १९७६ साली स्थापन झालेल्या या सौदी कंपनीला तेलविहिरींतील वायूपासून बनणाऱ्या साध्या प्लॅस्टिकच्या पलीकडे जायचे होते. बंगळुरूमधील संशोधकांचा मालक बदलला. विषय बदलला नाही. २०१३ साली उघडलेल्या नव्या केंद्रावर कंपनीने १० कोटी डॉलर खर्च केले.

याच संक्रमणाच्या सुमारास पुनर्वापराचा प्रश्न पुढे आला. २००७ च्या आरंभी, विक्रीच्या काही महिने आधी, जीईने ‘आयक्यू’ हे उपपद जोडून काही नवी प्लॅस्टिके बाजारात आणली. त्यांचे मूळ द्रव्य पाण्याच्या आणि पेयांच्या वापरलेल्या बाटल्या होते. बाटलीचे प्लॅस्टिक, म्हणजे पेट, हे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांच्या जोडणीतून होते. त्या साखळीत ब्यूटेनडायॉल मिसळून तापविले की साखळी तुटते, ग्लायकॉल सुटून बाहेर पडते, त्याची जागा ब्यूटेनडायॉल घेते आणि पीबीटी हे निराळे, यंत्रांच्या भागांना उपयोगी पडणारे प्लॅस्टिक तयार होते. बाटलीचे अर्धे शरीर नव्या पदार्थात राहते आणि अर्धे जाते. साबिकने हा वारसा पुढे ‘एल्क्रिन आयक्यू’ या नावाने चालविला.

तौलनिक अभ्यासकाला येथे भाषांतराची आठवण होणे साहजिक आहे. पण उपमा सैल ठेवली तर तिचा काही उपयोग नाही. पुनर्वापराच्या दोन तऱ्हा आहेत आणि भाषांतराशी त्यांचे नाते निरनिराळे आहे. पहिली तऱ्हा यांत्रिक: बाटली धुवायची, तिचे तुकडे करायचे, वितळवून पुन्हा दाणा पाडायचा. या प्रत्येक फेऱ्यात ओलावा आणि उष्णता यांमुळे साखळ्या तुटतात. दाणा तोच दिसतो, पण आतून आखूड झालेला असतो. हे प्रतीवरून प्रत करण्यासारखे आहे: हस्तलिखिताच्या प्रत्येक नकलेत काही अक्षरे गळावीत तसे. आखूड झालेली साखळी पुन्हा लांबविण्याचा उद्योगातील सर्वपरिचित उपाय कोणता? घन अवस्थेतील बहुवारिकीकरण. वापरलेल्या बाटलीपासून पुन्हा बाटली करणाऱ्या कारखान्यांत पेटचे दाणे सुमारे २०० ते २२० अंश सेल्सिअसवर कित्येक तास याच रीतीने तापविले जातात. पेटसाठी ही रीत पुण्यातील कामाच्या आधीपासून ज्ञात होती. पॉलिकार्बोनेटसाठी जी पद्धत पुण्यात नवीन पदार्थाच्या जन्माकरिता अभ्यासली गेली तिचीच ही सख्खी बहीण जुन्या पदार्थाच्या दुरुस्तीला लागलेली होती. दुसरी तऱ्हा रासायनिक: साखळी मुद्दाम तोडायची आणि सुट्या घटकांपासून नवी बांधायची. बाटलीचे पीबीटी होते ते असे. यात प्रत नाही, रूपांतर आहे.

दोन्ही तऱ्हांना एकच गोष्ट मोडते, आणि ती म्हणजे भेसळ. पेटच्या बाटल्यांत पीव्हीसीची थोडीशी बाटली मिसळली तरी तापविताना तिच्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि ते पेटच्या साखळ्या तोडते. पाण्यात टाकून हे दोन पदार्थ वेगळे करता येत नाहीत. पॉलिथीन तरंगते; पण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी किरणांनी पारखणारी यंत्रे असतात. भारतात हे काम मुख्यतः हात आणि डोळे करतात: बाटली मुडपली की पीव्हीसीवर पांढरा वळ उमटतो, पेट निराळी करकर करते, झाकणाचे प्लॅस्टिक बाटलीपेक्षा वेगळे असते, हे ज्ञान रद्दी आणि भंगाराच्या व्यवसायातील स्त्रीपुरुषांकडे असते. प्रयोगशाळेतील प्रत्येक पुनर्वापर-प्रक्रियेच्या आरंभी हे पारखणे गृहीत धरलेले असते. पेटंटात मात्र त्याचे वर्णन ‘स्वच्छ केलेले पेट’ एवढ्या दोन-तीन शब्दांत आटोपते.

येथे पुणे–बंगळुरू संबंधाची दुसरी वाट दिसते. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातून आणि बाबा आढाव यांच्या असंघटित कामगारांच्या चळवळीतून ती आकाराला आली. तिचे नाव हा स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा आहे: कागद, काच, पत्रा. प्लॅस्टिक त्यात नाही. १९९३ साली कचऱ्यातील मोलाच्या वस्तूंची नावे घेताना प्लॅस्टिक सहज वगळले जाऊ शकत होते, याचा याहून नेमका दाखला एखाद्या अहवालात सापडणे कठीण. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया पालिकेच्या खर्चाची बचत करतात, म्हणून पालिकेने त्यांना कामगार मानावे, ही पंचायतीची भूमिका होती. पुणे महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र हे त्या मागणीचे पहिले फळ. २००८ साली ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हे दुसरे.

पंचायतीच्या कामाचा अनुभव घेऊन नलिनी शेखर पुण्याहून बंगळुरूला गेल्या आणि तेथे ‘हसिरु दळ’ ही संघटना उभी राहिली. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेने कचरावेचकांना ओळखपत्रे देण्यास २०११ च्या सुमारास आरंभ केला. २०१२ साली मंडूर येथील कचराभूमीविरुद्ध ग्रामस्थांनी आंदोलन केले तेव्हा नगरात कचऱ्याचे ढीग साचले. त्यातून ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सक्ती आणि प्रभागवार सुक्या कचऱ्याची संकलन-केंद्रे यांना वेग आला. यांपैकी अनेक केंद्रे कचरावेचकच चालवू लागले. ओळखपत्र आणि पेटंट हे दोन्ही दस्तऐवज पुण्याहून बंगळुरूकडे जाणाऱ्या वाटेवर निर्णायक ठरले, हे योगायोगाने असले तरी लक्षणीय आहे. दोहोंचे कार्य एकच: एखाद्याच्या ज्ञानाला किंवा श्रमाला नाव देणे. फरक इतकाच की पेटंटाच्या मागून स्वामित्वशुल्क येते.

या दोन नगरांच्या भाषांत एक शब्द असा आहे की त्यावर थोडे थांबणे अस्थानी होणार नाही. कन्नडमध्ये ‘कस’ म्हणजे केरकचरा. मराठीत ‘कस’ म्हणजे सत्त्व, सोन्याची किंवा जमिनीची परीक्षा घेतल्यावर ठरणारी योग्यता. कचऱ्यातून उपयुक्त वस्तू निर्माण करण्यासाठी कन्नडमध्ये ‘कसदिंद रस’ असे म्हटले जाते. मराठी कानाला तो प्रयोग क्षणभर उलटा वाटतो. कारण कसच तर हवा असतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द एक मानण्याचे धाडस करू नये. पण कचरावेचकासाठी कन्नडमध्ये रूढ असलेल्या शब्दप्रयोगातील ‘चिंदी’ ही मराठीतील चिंधीच आहे, आणि संकलन-केंद्रातील निवडणीच्या ढिगापाशी कन्नड कस आणि मराठी कस एकाच वेळी हातात असतात.

हातांच्या या ज्ञानालाही सीमा आहेत, आणि त्या मान्य न केल्यास इतिहासाचे रूपांतर गौरवगीतात होईल. १९८८ साली अमेरिकन प्लॅस्टिक-उद्योगाने ठरविलेल्या एक ते सात या आकड्यांच्या संकेतात पेट पहिल्या क्रमांकावर आहे. पॉलिकार्बोनेट सातव्यात, म्हणजे ‘इतर’ या गटात. ज्या पदार्थामुळे पुण्याची कीर्ती झाली आणि व्हाइटफील्डचे केंद्र उभे राहिले, तो भंगाराच्या बाजारात नावाविना वावरतो. चकचकीत, अनेक थरांच्या वेष्टनांची तर याहून वाईट गत आहे. ती वेचूनही कोणी घेत नाही. अशा निरुपयोगी प्लॅस्टिकसाठी बंगळुरूमध्ये या शतकाच्या आरंभी निराळा उपाय पुढे आला. पिशव्या बनविणाऱ्या के. के. उद्योगाच्या अहमद खान आणि रसूल खान या बंधूंनी टाकाऊ प्लॅस्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्ते केले. मदुराईत प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी त्याच काळात यासंबंधीचे संशोधन केले. रस्त्यात गेलेले प्लॅस्टिक परत दाणा होत नाही. तरीही कर्नाटक शासनाने २०१६ साली पिशव्यांवर सरसकट बंदी घातली तेव्हा, उत्पादक स्वतः आपल्या मालाच्या अंताचा विचार करू शकतो याचे हे एक स्थानिक उदाहरण समोर होते.

२०१९ या वर्षी दोन्ही वाटा एकमेकींच्या अगदी जवळून गेल्या. जानेवारीत साबिकने मिश्र टाकाऊ प्लॅस्टिक उष्णतेने तोडून मिळविलेल्या तेलापासून नवे प्लॅस्टिक करण्याची घोषणा केली. या पद्धतीत कचऱ्याचे तेल खनिज तेलाबरोबर एकाच भट्टीत जाते. कोणता दाणा कचऱ्याचा आणि कोणता विहिरीचा हे सांगता येत नाही, म्हणून कागदोपत्री वाटणी करून प्रमाणपत्र दिले जाते. मे महिन्यात ब्रिटनच्या ‘द बॉडी शॉप’ने बंगळुरूच्या कचरावेचकांनी गोळा केलेले प्लॅस्टिक न्याय्य दराने घेण्याचा करार जाहीर केला, पहिल्या वर्षी २५० टन, त्यात हसिरु दळाचा सहभाग होता. पहिल्या व्यवहारात हिशेब रेणूंचा होता, दुसऱ्यात माणसांचा. पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये, साबिकचे ७० टक्के भाग सौदी अराम्को या तेल कंपनीने ६९.१ अब्ज डॉलरांना घेतले. त्यामुळे, ज्याच्या विहिरीतून प्लॅस्टिकचा कच्चा माल निघतो तोच प्लॅस्टिक परत आणण्याच्या संशोधनाचाही धनी झाला. हे संशोधन खोटे आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याची गती कोण ठरवील, एवढे मात्र त्यावरून कळते.

२०२१ साली मायक्रोसॉफ्टने संगणकाचा एक माऊस बाजारात आणला. त्याच्या कवचात साबिकचे ‘झेनॉय’ वापरले होते. पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणांचे हे कुळ जीईकडून साबिककडे आलेले, आणि त्यातील २० टक्के भाग समुद्रातून व जलमार्गांतून मिळविलेल्या प्लॅस्टिकचा होता. संकेतातील पहिला क्रमांक आणि सातवा क्रमांक अशा रीतीने एका मुठीत मावेल एवढ्या वस्तूत एकत्र आले. त्यानंतरच्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, केंद्र शासनाने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार उत्पादक, आयातदार, नाममुद्रांचे मालक आणि प्रक्रिया करणारे कारखानदार यांनी नोंदणी करावयाची आहे, आणि पुनर्वापराची प्रमाणपत्रे प्रक्रिया करणाऱ्याच्या नावे निघतात. कचरावेचक हा नोंदणीचा वर्ग त्यांत नाही. ही तत्त्वे वेष्टनांपुरती आहेत. मोटारींच्या आणि संगणकांच्या कवचांतील पॉलिकार्बोनेटही त्यांच्या बाहेर आहे.